राखेतला घेवडा

"गुणावैनी, ह्ये बी राखंत घोळून ठिवा. ऊन दावू नगासा, पानी दावू नगासा. आन् मिरीग सरला की मांडवाच्या बुडाला लावा. एक येल चढला तरी लय झालं."

हरणाबाई हे सांगून गेली ती चैत्रात. जाताना तिने पदराची गाठ सोडली आणि दोन मुठी घेवडा माझ्या ओंजळीत ओतला. ओतून झाल्यावर पदर झटकला, त्यात अडकलेला एक दाणा निघाला, तोही माझ्या हातावर ठेवला.

तिचं गाव आटपाडीच्या बाजूला, माळावरचं. दिवाळी झाली की ती, तिचा मुलगा बिरदेव आणि त्यांची मेंढरं उतरत उतरत कृष्णाकाठाला येतात. ऊस निघालेल्या आमच्या रानात आठ-पंधरा दिवस रात्रीची मेंढरं बसतात. मेंढरं बसली की त्या रानाला दुसरं खत लागत नाही. माझ्या लग्नानंतर चार वर्षांनी हे सुरू झालं, आता माझ्या मुलाचं, जिनेंद्रचं, लग्न होऊनही दोन वर्षं झाली. रानातलं खत माझ्या यजमानांच्या उसाला. पण निघायच्या दिवशी हरणाबाई दोन पाट्या लेंड्या कुणाला न सांगता माझ्या परसात आणून ओतते. मी तिला वांगी, दोडकी, एखादी पिकलेली पपई देते. तेवढाच आमचा व्यवहार. पण त्यासाठी ती तासभर पायरीवर बसते.

परस तसं लहानच. पेरूचं एक झाड, पपईची दोन, कढीपत्ता, वांग्याचे दोन वाफे, आणि विहिरीच्या अंगाला दोडक्याचा मांडव. कांदा, बटाटा, मुळा आमच्यात लागत नाही, त्यामुळे जमीन उकरून काही काढायचं नसतं. फवारणीही मी करत नाही. वांग्यावर अळी दिसली की पानासकट उचलते आणि बांधावरच्या रुईवर नेऊन ठेवते. यावर हरणाबाई फार हसते.

"आवं, ती अळी सांजंच्याला चालत माघारी येती तुमच्याच वांग्याला. तिला बी ठाव हाय, हितं कोन मारत न्हाई."

"येऊ दे आली तर. तिच्या वाटणीचं खाईल."

"मग माज्या वाटणीची वांगी किडकी का असत्यात, त्ये आत्ता कळलं."

तो घेवडा तिच्या आईचा. आईने लग्नात बांधून दिलेला. दाणा पांढरा, आणि पोटावर एक तांबडी रेघ, कुंकवाची काडी ओढल्यासारखी. तिकडच्या माळावर काटेरी कुंपणावर वेल चढायचा. दोन पाऊस पडले तरी त्याला पुरायचे, आणि नवरात्रापासून शिमग्यापर्यंत शेंग तुटायची. पण यंदा त्यांच्या रानात कालव्याचं पाणी आलं. बिरदेवने डाळिंब लावायचं ठरवलं, काट्यांचं कुंपण काढून तार ओढली. तारेवर वेल चढवला तर डाळिंबाला रोग येतो असं त्याला कुणी सांगितलं होतं.

"मला म्हनतो, आये, बाजारात धा रुपयाला पाव किलो मिळत्यात. घे की." हरणाबाई म्हणाली. "म्या काय बोलनार? मिळत्यात खरं. पर ह्यो न्हाई मिळत."

म्हणून तिने होतं नव्हतं ते सगळं बी माझ्याकडे दिलं. घरी एक दाणा ठेवला नाही. दिवाळीला ती येणार, मूठभर घेऊन जाणार, आणि पुढच्या वर्षी बिरदेवची नजर चुकवून कुठेतरी बांधाला लावणार. बाकीचं माझं.

मी चुलीची राख चाळली. त्यात बी घोळवलं, पत्र्याच्या लहान डब्यात भरलं आणि कडधान्याच्या फळीवर मागच्या बाजूला ठेवलं. तिथे ठेवलं हीच चूक म्हणायची तर म्हणता येईल. पण ती पुरती चूक नव्हे. पुरती पुढे झाली.

मृग सरला. मांडवाचे दोन वासे कुजले होते. माझे यजमान, शांतिनाथ, रोज म्हणायचे, "उद्या आणतो." मी म्हणायची, मांडव होऊ दे, मग लावू. असे आठ दिवस गेले.

ज्येष्ठ संपत आला की आमच्या घरात एक काम असतं. पावसाच्या चार महिन्यांत कडधान्याला कीड लागते, मग ती निवडताना, शिजवताना मरते. म्हणून चातुर्मास लागायच्या आधी मूग, मटकी, चवळी, वाटाणा, सगळं निवडून मंद आचेवर भाजून ठेवायचं. भाजलेल्या दाण्यात कीड होत नाही. झालीच नाही तर आपल्या हातून मरतही नाही. सासूबाई करायच्या, मी करते.

त्या दिवशी सून ब्राह्मी फळीवरचे डबे काढून देत होती आणि मी चुलीपुढे बसले होते. मंदिरातून आल्यावर घटकाभर माझं मौन असतं. हाताने काम चालू, मनात णमोकार. मूग झाले, मटकी झाली. ब्राह्मीने एक परात माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "आई, हे पण ना? याच्यात राख होती, मी चाळून घेतली."

मी मान हलवली. परात घेतली आणि कढईत उलटी केली.

डाव फिरवत राहिले. डोळे उघडे होते, पण मी त्या दाण्यांकडे पाहत नव्हते. मौन सुटलं तेव्हा तो घाणा ताटात काढून झाला होता. हाताने पसरायला लागले तेव्हा दिसलं. पांढरा दाणा बदामी झाला होता, आणि पोटावरची रेघ कॉफीच्या रंगाची.

मी ताटाजवळ बसून राहिले. ब्राह्मीला कळेना. मग मी सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले.

"आई, मी दाखवलं होतं तुम्हाला. तुम्ही मान हलवलीत."

"हलवली होती."

"मला काय माहीत हो, ते बी होतं म्हणून..."

"तुला कुठे सांगितलं होतं मी? रडू नको. भाजलं मी."

हे मी तिला सांगितलं, पण मनाशी हिशेब लागेना. मान तिच्या विचारण्याला हलवली होती, की मनातला जप संपला म्हणून आपोआप हलली होती, ते माझं मलाच सांगता येत नव्हतं.

दुपारी हे रानातून आले. त्यांनी एक दाणा उचलून दाताखाली फोडला.

"चांगला भाजलाय की," म्हणाले. माझं तोंड बघून पुढे म्हणाले, "एखादा कच्चा राहिला असंल. लावून बघ. बी म्हणजे लय चिवट असतंय."

त्याच संध्याकाळी वासे आले. मांडवाच्या बुडाला मी चार आळी केली, एकेका आळ्यात तीन तीन दाणे लावले. शेजारी चवळी लावली, ती बाजारातून आणलेली, न भाजलेली. चौथ्या दिवशी चवळी मान वाकडी करून वर आली. घेवड्याच्या आळ्यांत माती तशीच. मी सकाळी जायची, दुपारी जायची, पाणी घालायची. ब्राह्मी खिडकीतून बघायची आणि मी वळले की आत जायची.

सहाव्या दिवशी हरणाबाईचा फोन आला. बिरदेवच्या मोबाइलवरून ती फोन करते तेव्हा एवढं मोठ्याने बोलते, की आटपाडीहून नुसती हाक मारली असती तरी ऐकू आलं असतं.

"वैनी, आलं का वर?"

"अजून नाही."

"गार हाय तुमची जमीन. यील यील. घाई करू नगासा." मग तिने पेरूची चौकशी केली, यांच्या गुडघ्याची केली. "बरं, ठिवते. बिऱ्या वराडतोय, बॅलन्स जातोय म्हनून."

फोन ठेवला. अजून नाही. शब्द दोन, आणि दोन्ही खरे. वर आलं नव्हतंच. पण ते का आलं नव्हतं, हे मी गिळलं होतं. दिवस मावळायच्या आधी जेवण उरकून मी रोज आलोचनेला बसते. दिवसभरात कुणाला दुखवलं, काय खोटं बोलले, ते एकेक आठवायचं आणि क्षमा मागायची. त्या दिवशी खोट्यापाशी आले आणि पुढे जाता येईना. खोटं मी बोलले नव्हते. मग क्षमा कशाची मागू? आणि मागायची नव्हती, तर मी आसनावरून उठत का नव्हते?

आठव्या दिवशी मी एक आळं उकरलं. तीनही दाणे फुगून मऊ झाले होते. बोटात धरला तर साल निघाली आणि आतून पांढरा लगदा आला. वास यायला लागला होता. दुसरं आळं उकरायचा मला धीर झाला नाही. दोन दिवसांनी ब्राह्मीनेच उकरलं. मला कळलं ते तिच्या नखांतल्या मातीवरून.

भाजलेला दाणा आमच्याकडे निर्दोष समजतात. त्यातला जीव निघून गेलेला असतो, म्हणून व्रतात चालतो. लहानपणापासून मी हे ऐकलंय, मानलंय, आजही मानते. पण जीव निघून गेला म्हणजे कुठून तरी गेला, आणि घालवला कुणीतरी, हे मी मूग-मटकी भाजताना कधी मनात आणलं नव्हतं. मुगाचं सोडा, बाजारात मूग पुष्कळ. हा घेवडा जगात दोन मुठी होता.

ब्राह्मीने आळं उकरलं त्याच संध्याकाळी हे सांगलीहून आले ते बियाण्याचं पाकीट घेऊन. ओट्यावर ठेवलं.

"हे बघ. घेवडा. वेलाचा, मी विचारून घेतलाय."

पाकीट मी फोडलं. दाणे गुलाबी होते, औषध चोळलेले. पाठीमागे लिहिलं होतं, विषारी, खाण्यास अयोग्य. मी हात धुवून आले.

"हे लावून काय करू?"

"काय म्हणजे? उगवंल, शेंगा येतील, दिवाळीला तिला मूठभर दाणे दे. घेवडा म्हणजे घेवडा. ती काय दुर्बीण लावून बघणाराय?"

"आणि रेघ?"

"रेघ उडाली म्हण. आमच्या मातीचा गुण." ते हसत होते, पण मी हसले नाही तसे थांबले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "गंमत करालोय गं. पण तुला सांगतो, त्या म्हातारीला खरं सांगून तरी काय मिळणार? ती तिकडं, तू हिकडं. तिचं सुख जाणार, तुझं जाणार. बी काय माघारी येणार न्हाई."

त्यांचं बोलणं मला पटलं नाही असं म्हणणार नाही. रात्रभर पटत होतं. हरणाबाई दिवाळीला येईल, मूठ उघडून बघेल. रेघ नसलेले दाणे. आमच्या मातीचा गुण, मी म्हणेन. "बरं हाय," म्हणेल, पदरात बांधेल. पुढच्या वर्षी बांधाला लावेल, आणि शेंग तुटली की तिला कळेल. तेव्हा मी तिथे नसेन. एवढ्याच भरवशावर मला तिला फसवायचं होतं, की कळेल तेव्हा मी समोर नसेन.

सकाळी मौन सुटलं आणि मी आधी फोन लावला. बिरदेवने उचलला, तिला हाक मारली. मागे ट्रॅक्टर चालू होता.

"हरणाबाई, तुमचं बी मी भाजलं."

"काय केलं?"

"भाजलं. कडधान्य समजून कढईत घातलं. मागच्या खेपेला तुम्ही विचारलं तेव्हा सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही."

तिने ओरडून ट्रॅक्टर बंद करायला लावला.

"समदं?"

"सगळं. बारा दाणे लावून बघितले. कुजले."

"कशापायी भाजलं वो?"

मी सांगितलं. कीड होऊ नये म्हणून. पावसाळ्यात मरू नये म्हणून.

"आवं वैनी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एरवीसारखा मोठा नव्हता, "किडं वाचवता वाचवता माज्या आयचा घेवडा मारला की वो."

"मला रागवा, हरणाबाई."

"रागवून काय उगवतंय व्हय?"

आणि फोन बंद झाला. तिने केला, की तिकडची रेंज गेली, मला कळलं नाही. मी परत लावला नाही. दिवसभर काम केलं. वांगी तोडली, दोडक्याचा वेल नव्या वाशावर घेतला. जेवताना हे म्हणाले, "सांगितलंस वाटतं," आणि मी हो म्हणाले. त्यांनी ते पाकीट उचलून गोठ्याच्या कोनाड्यात टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"वैनी, चौदस कवा हाय तुमची?"

मला आधी अर्थच लागेना. "आज नवमी. पाच दिवसांनी."

"म्हंजी चौदस लागली की तुमी शीव वलांडत न्हाई. चार म्हैने. ठाव हाय मला, दरसाली तुमीच सांगता." ती खोकली. "माजी भाची हाय, सोनिया. फलटनच्या फुडं दिलीया, ऊसवाल्याच्या घरात. तिच्या लग्नात म्या तिच्या वटीत घेवडा घातल्ता. परसात लावते म्हनायची. पाच वर्सं झाली. असंल न्हाईतर नसंल."

"मग विचारा की तिला."

"म्या न्हाई विचारायची. तिच्या पोराच्या बारशाला मला सांगावा आला न्हाई. समद्या वस्तीला आला, मला न्हाई. तीन वर्सं बोलनं न्हाई आमचं."

"मग?"

"मग काय? भाजलं कुनी?"

मला हसू आलं आणि डोळ्यात पाणीही आलं. तिकडून तीही हसल्यासारखी वाटली, पण लगेच पुन्हा करारी झाली.

"तुमी जावा. पर माजं नाव सांगू नगासा."

"विचारलं तर सांगावं लागेल, हरणाबाई. मी खोटं सांगणार नाही."

"त्येच तर. तुमचं त्ये खरं लय वंगाळ हाय. काल जरा कमी खरं बोलला असता तर म्या दिवाळीपातूर सुखात असते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सांगा मग. विचारलं तरच सांगा. आपनहून नगं."

"विचारलं तरच. आणि चौदसच्या आत बी मांडवाखाली असेल, तिच्याकडे असलं तर. हा माझा शब्द."

"असलं तर," हरणाबाई म्हणाली. "नसलं तर नसलं. पर बगून या."

संध्याकाळी मी यांना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"फलटणला? एकटी? लोणंदच्या कंपनीत जिनेंद्र आहे की. त्याला सांग, रविवारी येतायेता आणंल. जवळच पडतंय त्याला."

"त्याने का आणावं?"

"बरं, मी जातो मोटरसायकलवर."

"तुमच्या गुडघ्याला चालेल का?" मी म्हणाले. "आणि तुम्ही गेलात तर तिला सांगाल, बायकोने पाठवलंय. मला जाऊ दे. भाजलं मी."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "सूर्य मावळायच्या आत काही परत येत न्हाईस तू. जेवणाचं काय करशील?"

"सकाळचं बांधून नेते. चार वाजता गाडीतच खाईन. नाहीतर एक दिवस उपास घडेल."

"लय हट्टी," ते म्हणाले आणि विट्याच्या गाडीची वेळ विचारायला चौकात गेले. परत आले ते कागदावर लिहून घेऊन. सात दहाची गाडी, विट्याला उतरायचं, तिथून दहिवडीमार्गे फलटण. खाली सोनियाच्या गावचं नाव, हरणाबाईने सांगितलेलं, आणि त्याखाली आपला स्वतःचा मोबाइल नंबर, जणू मला तो माहीत नव्हता.

दशमीला उजाडताना मी मंदिरात जाऊन आले. ब्राह्मीने गाळलेल्या पाण्याची बाटली आणि दशम्या पिशवीत भरल्या होत्या. ती म्हणाली, "आई, मी येऊ का?"

"तू वांग्याला पाणी घाल. आणि परसाचं दार लोटून घे, शेळ्या येतात."

मागायला रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून मी चार दोडकी तोडली, एक पपई घेतली. जिच्या घरी जायचं, ती मला ओळखत नव्हती. तिच्याकडे वेल असेल की ऊस लावताना उपटून टाकला असेल, तेही माहीत नव्हतं. पायरीवर हे उभे होते. "पोचलीस की फोन कर," म्हणाले.

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि स्टँडकडे चालू लागले.